५२३४१ की ५२३४४? मूत्रवाहिनीच्या (युरेटर) स्ट्रिक्चरचं कोडिंग

अमेरिकन मेडिकल बिलिंग करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं की किडनीतून मूत्राशयात जाणारी नळी अरुंद झाली (स्ट्रिक्चर) आणि त्यावर उपचार केला, तर यातला कोणता सीपीटी कोड (उपचाराचा बिलिंग कोड) लावू. दोन्हीत बलून, लेझर, कॉटरी (विजेने जाळणं) किंवा छेद सगळं चालतं, म्हणजे साधनावरून काही ठरत नाही, फरक एवढाच की ५२३४१ मध्ये काम सिस्टोस्कोपमधूनच (मूत्राशयात घालायची दुर्बीण) होतं आणि ५२३४४ मध्ये युरेटेरोस्कोप (त्याहून बारीक, लांब दुर्बीण) खरंच या नळीत घातलेला असतो. पैसे ५२३४४ ला जास्त, पण ऑपरेटिव्ह नोटमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर तो टिकत नाही, सर्जनला विचारा, अंदाजाने कोड लावू नका प्लीज!

डबल-जे स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक ट्यूब) आत ठेवला असेल तर दोन्हीसोबत ५२३३२ वेगळा लागतो, तात्पुरता कॅथेटर मात्र ५२३४१ किंवा ५२३४४ मध्येच धरलेला. आणि नुसती स्कोप आत जावी म्हणून नळी रुंद केली तर ती स्ट्रिक्चरची ट्रीटमेंट नाहीच, इथे फार जण चुकतात. निदानाचा आयसीडी-१० कोड दोन्हीला सारखाच, हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून किडनी फुगणं) असेल तर एन१३.१, नसेल तर एन१३.५.

म्हणजे फ्लुरोस्कोपीवर (चालू एक्स-रे) बघत सिस्टोस्कोपमधून वायरवरून बलून फुगवला तर ५२३४१, युरेटेरोस्कोपने नळीच्या आत जाऊन स्ट्रिक्चर कापलं तर ५२३४४.