कोथरूडच्या फ्लॅटची विक्री : तीन महिने स्वतः, मग एजंटमार्फत

आईच्या पश्चात तिच्या मृत्युपत्रानुसार कोथरूडचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट माझ्या आणि नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या धाकट्या भावाच्या नावावर निम्मा-निम्मा झाला आणि 2025च्या जानेवारीत आम्ही तो विकायचे ठरवले. 1994 साली वडिलांनी घेतलेली, तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली ही जागा. पहिले तीन महिने मी एकटीने खटपट केली, एप्रिलमध्ये त्याच भागात बरीच वर्षे व्यवसाय करणाऱ्या एका एजंटकडे काम सोपवले आणि सप्टेंबरमध्ये 88 लाखांना खरेदीखत झाले. एजंटांना 1 टक्का दलाली आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 1,03,840 रुपये दिले. हे पैसे वसूल झाले का, असे ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माणसे सांभाळण्याच्या कामासाठी ही रक्कम मला योग्य वाटली. किंमत ठरवणे आणि कायद्याची बाजू ही दोन कामेही त्यांच्यावरच सोडली असती, तर मात्र आमचे मोठे नुकसान झाले असते.

स्वतः विकण्याच्या काळात मी दोन संकेतस्थळांवर जाहिरात दिली, फोटो काढले, सोसायटीच्या फाटकावर फलक लावला. जाहिरातीत ‘थेट मालकाकडून’ असे स्पष्ट लिहिले होते, तरी आलेल्या फोनपैकी निम्म्याहून अधिक फोन एजंटांचेच होते. खरे ग्राहक आले त्यांतील बहुतेकांना लिफ्ट हवी होती, आणि ती नाही हे जाहिरातीत असूनही ते जिना चढून आल्यावर तेच विचारत. नोकरी सांभाळून प्रत्येक शनिवार-रविवारी चावी घेऊन तिथे जाऊन बसायचे, ठरलेल्या वेळी कोणी यायचे नाही, आले तर आईच्या स्वयंपाकघरात उभे राहून ‘हे सगळे पाडावे लागेल’ असे म्हणायचे. हे ऐकणे मला जड गेले. एका गृहस्थांनी चांगली किंमत सांगितली, परंतु त्यातील पंधरा लाख रोख आणि करारात कमी रक्कम, अशी त्यांची अट होती. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे तो विषय मी तिथेच थांबवला.

तरीही त्या तीन महिन्यांत माझ्या हातून एक काम फार चांगले झाले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची सोय आहे, तिथे गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो ती, पाहता येते. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांमधील 2023 आणि 2024चे दस्त मी एकेक करून पाहिले, प्रत्येकाचे क्षेत्रफळ आणि मोबदला वहीत लिहिला आणि सगळे क्षेत्रफळ कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, आणून चौरस फुटाचा भाव काढला. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून चालत नाही, कारण जुन्या करारांमध्ये बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट धरलेले, क्षेत्रफळ असते आणि आजचा ग्राहक कार्पेटवरच बोलतो. शेजाऱ्यांनी सांगितलेले आकडे आणि इंडेक्स टूमधले आकडे यांत लाखांचा फरक होता. आमची जागा 86 ते 90 लाखांच्या दरम्यान जायला हवी, हे मला त्या वहीने सांगितले.

एजंटांनी जागा पाहिल्यावर पहिल्याच भेटीत 80 लाख हा आकडा काढला. लिफ्ट नाही, इमारत जुनी, बाजार थंड, ही त्यांची कारणे होती. मी वही पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि 92 लाखांपासून बोलणी सुरू करायचे मान्य केले. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. मात्र हिशेब प्रत्येक विकणाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. 80च्या जागी 88 लाख आले तर मालकाला आठ लाख जास्त मिळतात, एक टक्क्याच्या एजंटाला फक्त आठ हजार, आणि त्या आठ हजारांसाठी त्याला कदाचित आणखी तीन महिने थांबावे लागते. लवकर आणि थोडे कमी, हे त्याच्या सोयीचे असते. दलालीसुद्धा अशीच बोलून ठरते. त्यांनी सुरुवातीला 2 टक्के सांगितले होते. दलाली किती असावी याचा कोणताही कायदा नाही, आणि ते खरेदीदाराकडूनही घेणार होते, हे लक्षात घेऊन आम्ही 1 टक्क्यावर आलो.

यापुढचे त्यांचे काम मात्र मला स्वतःला जमले नसते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. त्यांनी फक्त सात कुटुंबे आणली, आणि त्या सातही कुटुंबांना लिफ्ट नाही हे आधी माहीत होते, त्यांची कर्जाची पात्रता आधी तपासलेली होती. शेवटी ज्यांनी घेतले ते शिक्षक पती-पत्नी 87 लाखांवर अडले होते आणि मी 88च्या खाली उतरायला तयार नव्हते. एजंटांनी त्यांना समजावले की पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 7 टक्के असले, तरी फक्त स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास त्यात 1 टक्का सवलत मिळते; 88 लाखांवर ही बचत 88,000 रुपये होते. घर पत्नीच्या एकटीच्या नावाने घ्यायचे ठरले, पती कर्जात सहकर्जदार राहिले आणि आमच्यातले अंतर जवळजवळ मिटले. ही सवलत 2021पासून आहे आणि मलाही वाचून ठाऊक होती. पण समोरच्या माणसाला ती कोणत्या क्षणी सांगायची, हे केवळ अनुभवाने येते.

विसार घेतल्यानंतरचे आठवडेही त्यांनी उत्तम सांभाळले. खरेदीदाराच्या बँकेचे वकील 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या नोंदींचा शोध अहवाल) मागतात, मूल्यांकन करणारे अभियंते येतात, मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराची पावती, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला यांतील एखादा कागद दर आठवड्याला नव्याने मागितला जातो. खरेदीदार वैतागले होते, मी वैतागले होते आणि दोघांचेही फोन एजंट घेत होते. दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी डेटा एन्ट्री झालेली होती, साक्षीदार वेळेवर हजर होते, आणि बँकेच्या धनादेशावरील रक्कम व दस्तातील रक्कम त्यांनी तिथे पुन्हा ताडून पाहिली.

आता गंभीर तक्रार. माझा भाऊ अनिवासी आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही त्यांनी खरेदीदाराला सांगून ठेवले की 50 लाखांच्या वरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला की झाले. हे माझ्या निम्म्या हिश्शापुरते खरे आहे. मोबदल्यातला माझा वाटा 44 लाखांचा असला तरी 1 ऑक्टोबर 2024पासून सर्व विक्रेत्यांची एकत्रित रक्कम धरली जाते, त्यामुळे माझे 44,000 कापले जाणे बरोबर होते. पण अनिवासी विक्रेत्याला ही तरतूद लागूच होत नाही. त्याच्या बाबतीत दीर्घकालीन भांडवली नफ्याचा 12.5 टक्के दर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 13 टक्क्यांनी कपात होते, आणि आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही तर खरेदीदार ती सहसा संपूर्ण रकमेवर करतो. भावाच्या 44 लाखांवर ती 5,72,000 होते. कपात चुकली तर जबाबदार धरला जातो तो खरेदीदार. ज्या शिक्षक कुटुंबाने आयुष्याची बचत या घरात घातली, त्यांच्या दारी व्याजासह नोटीस आली असती, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. आमच्या चार्टर्ड अकाउंटंटने हे वेळीच पकडले, भावाच्या नावाने प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, त्याला दीड महिना लागला आणि म्हणूनच जुलैमध्ये होणारे खरेदीखत सप्टेंबरवर गेले. भावाने तिकडे करून अपोस्टिलसह (तिकडच्या सरकारी प्रमाणीकरणासह) पाठवलेले कुलमुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावे लागते, ही गोष्टही वकिलांनीच सांगितली.

एजंटांच्या व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता आणि तो पाहून मला सुरुवातीला मोठा आधार वाटला होता. पण महारेराचा कायदा मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतील पुनर्विक्रीत तिथे दाद मागता येईल असे धरून चालू नये. म्हणून एजंट कोणती कामे करणार, दलाली कोणत्या टप्प्यावर किती द्यायची आणि चावी कोणाकडे राहणार, हे कागदावर घेऊन सही करून घ्यावी. मी दलालीचा तिसरा हिस्सा साठेखताच्या (खरेदीखताआधीच्या विक्री कराराच्या) वेळी आणि उरलेली रक्कम खरेदीखतानंतर असे लिहून घेतले होते. प्रमाणपत्रासाठी दीड महिना थांबावे लागले तेव्हाही त्यांनी काम सोडले नाही, त्यात या अटीचा वाटा निश्चितच होता.

शेवटचा प्रसंग सोसायटीतला. सभासदत्व हस्तांतरित करताना समितीने ‘इमारत निधी’ म्हणून 50,000 रुपये मागितले आणि एजंटांचा सल्ला होता की वाद न घालता देऊन टाकावे, अर्धे तुम्ही, अर्धे खरेदीदारांनी. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (सभासदत्व बदलताना सोसायटी घेते ती रक्कम) 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा 9 ऑगस्ट 2001चा आदेश आहे, आणि देणगी किंवा निधी असे दुसरे नाव देऊनही ती मर्यादा ओलांडता येत नाही. मी त्या आदेशाची प्रत जोडून सचिवांना दोन परिच्छेदांचे पत्र दिले. पुढच्याच बैठकीत समितीने 25,000 रुपये घेऊन हस्तांतरण मंजूर केले आणि दिवाळीपूर्वी वडिलांच्या काळातल्या त्याच शेअर सर्टिफिकेटच्या मागे नव्या मालकिणीचे नाव चढले.