अँड्रॉइड १४ मधील मोठी अक्षरे: आईच्या फोनवरचा अनुभव

अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरांचा आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि आधीच मोठी असलेली शीर्षके बारीक मजकुराइतकी फुगत नाहीत, त्यामुळे माझ्या सत्तरीतल्या आईला आता संदेश चष्म्याशिवाय वाचता येतात. ही सोय मनापासून आवडली. मात्र तिच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी उघडणाऱ्या चौकटीतली अक्षरे होती तेवढीच बारीक राहतात. वापरकर्त्याच्या निवडीनुसार बदलणाऱ्या ‘एसपी’ या एककाऐवजी ती अक्षरांच्या निवडलेल्या आकारानुसार न बदलणाऱ्या ‘डीपी’ या एककात बांधलेली असावीत. दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये अक्षरे वाढतात खरी, पण चौकटीतला मजकूर वर सरकत नसल्याने ‘रद्द करा’ हे बटणच पडद्याखाली दडते. नाव आणि रक्कम तपासण्याची हीच शेवटची जागा, आणि नेमका तिथेच आईला फोन माझ्या हाती द्यावा लागतो.