ड्रायव्हर बंद झालेला स्कॅनर: सात महिन्यांनंतर

काल वडिलांच्या हस्ताक्षरातली तिसरी वही स्कॅन करून संपली, म्हणून लिहायला बसले.

स्कॅनर २००५ सालचा, साधा फ्लॅटबेड. कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला स्कॅनर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, दिला तो विंडोज एक्सपीपर्यंतच, तोही ३२ बिटचा. घरात एक्सपीवाला डेस्कटॉप होता तोवर निभलं. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्याचा मदरबोर्ड गेला. लॅपटॉपवर ६४ बिट विंडोज १०, त्यात ३२ बिटचा ड्रायव्हर बसतच नाही. सर्व्हिस सेंटरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर: "मॅडम, ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या." काच स्वच्छ, दिवा लागतोय, आतला पट्टा शाबूत. चालू वस्तू भंगारात का द्यायची, याचं उत्तर एकानेही दिलं नाही. मला अजूनही त्याचा राग आहे.

नवीन घ्यायला हरकत नव्हती, पण आधी जाऊबाईंच्या ऑल-इन-वनवर (प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या मशीनवर) वही लावून पाहिली. वडिलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरांत उतरवून ठेवल्यात, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून अगदी शिवणीपर्यंत लिहिलंय. नव्या मशीनवर शिवणीजवळचे दोन-तीन शब्द प्रत्येक ओळीत धुरकट आले. त्यात सीआयएस सेन्सर असतो, तो काचेला चिकटलेला कागदच नीट वाचतो. कागद जरा उचलला गेला की अक्षर पुसट. माझा जुना सीसीडीवाला. त्यात आरसे आणि भिंग असतं, म्हणून तो थोडं खोलवरचंही स्पष्ट वाचतो. विकत घेताना हे कुणी सांगत नाही. जाड पुस्तकं स्कॅन करायची असतील तर जुना सीसीडी स्कॅनर टाकू नका, एवढं तरी लक्षात ठेवाच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला, तेव्हा भाच्याने लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, काही पुसलं नाही. लिनक्समध्ये स्कॅनर चालवतं ते 'सेन' (SANE) नावाचं सॉफ्टवेअर. त्याने माझं मॉडेल लगेच ओळखलं, पण स्कॅन होईना. अशा काही स्कॅनरमध्ये स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम, साठवलेलं नसतं. वायर जोडली की दर वेळी ते संगणकाकडून पाठवावं लागतं. ती लहानशी फाईल मूळ सीडीवर होती. सीडी माझ्याकडे होती, ड्राइव्ह नव्हता. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमधून मागून आणला, फाईल सेनच्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि दिवा सरकायला लागला तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता तक्रार. साठ सेकंद! दिवा तापायला हवा म्हणून सेनमधला ड्रायव्हर पूर्ण एक मिनिट थांबवून ठेवतो. सलग बसलात तर एकदाच, पण मला सलग वेळ कुठला? कुकरची शिट्टी, दारावर कुरियर, त्यात लाईट जाते. प्रोग्राम बंद झाला की दिवा विझतो आणि पुन्हा मिनिट सुरू. पहिला महिनाभर मी रोज याच एका गोष्टीवर चिडले. परिचय इथेच संपवला असता तर पाचपैकी दोन गुण दिले असते.

मग एक्ससेन (XSane) हा स्कॅनिंगचा दुसरा प्रोग्राम टाकला. मिंटसोबत येणाऱ्या साध्या स्कॅनिंग प्रोग्राममध्ये न दिसणारे पर्याय त्यात दिसतात. त्यांतला एक असा: ठरावीक साठ सेकंदांऐवजी दिव्याचा उजेड स्थिर होईपर्यंतच थांबायचं. तेव्हापासून थांबणं बरंच कमी झालं. पण डिसेंबर-जानेवारीत, साताऱ्याच्या थंडीत, सकाळी पहिली एक-दोन पानं काळपट आली आणि पुन्हा करावी लागली. तेव्हा कळलं की ते मिनिट उगाच नव्हतं. थंडीत आता मीच दिवा लावून थोडा वेळ जाऊ देते.

समोरची चार बटणं लिनक्सवर चालत नाहीत, मला त्यांची गरजही नाही. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत), हस्ताक्षराला पुरतं. छापील मराठीसाठी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम मोफत आहे आणि पान चांगलं असेल तर बऱ्यापैकी वाचतं. वडिलांचं हस्ताक्षर मात्र त्याला वाचता येत नाही, ते मी हाताने टाइप करते.

खर्च शून्य रुपये. सीडीची प्रत पेन ड्राइव्हवर आणि भाच्याकडेही ठेवली आहे. तुमच्याकडे जुनी ड्रायव्हर सीडी असेल तर आजच कॉपी करा. दिव्याची नळी आता मिळत नाही असं दुरुस्तीवाल्यांनी सांगितलंय, म्हणून उरलेल्या दोन वह्या पावसाळ्याआधी उरकायच्या आहेत.