दंडावरचा १४ दिवसांचा सेन्सर: फ्रीस्टाइल लिब्रे २ चं परीक्षण

मधुमेह असला की दिवसातून दोनदा बोट टोचून रक्तातल्या साखरेचे दोन आकडे वहीत लिहायचे, उपाशीपोटी १२० आणि जेवणानंतर १६५ (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). मधल्या तासाभरात साखर २३० पर्यंत जाऊन परत उतरली असेल, तर या दोन आकड्यांवरून ते कधीच कळणार नाही. कुठल्या जेवणाने साखर चढते, चालल्याने किती उतरते, रात्र जागून काढली की सकाळी काय होतं, हे सगळं त्या मधल्या जागेत दडलेलं असतं. दंडावर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रे २ हा साखर मोजणारा सेन्सर ती जागा उघडी करून दाखवतो आणि ते काम चांगलं करतो. पण त्यातून नेमकं शिकायचं कसं, हे खोक्यातलं माहितीपत्रक फारसं सांगत नाही. त्यामुळे बरेच जण १४ दिवस आकडे बघतात आणि शेवटी हाती काही लागत नाही.

सेन्सर ३५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड असतो, एखाद्या मोठ्या बटणासारखा. त्याचा साधारण ५ मिलिमीटरचा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातली साखर या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. सेन्सर रक्ताच्या थोडा मागे चालतो, ही गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

बसवताना घाई करू नका. दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धुवा, पुसा, खोक्यातल्या अल्कोहोलच्या पट्टीने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर किंवा लोशनवर चिकटवलेला सेन्सर चार-पाच दिवसांत कडेने सुटू लागतो. ज्या कुशीवर झोपता तो दंड टाळा. इन्सुलिन टोचण्याच्या जागेपासून किमान अडीच सेंटीमीटर अंतर ठेवा. पहिला तासभर रीडिंग मिळत नाही आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा सैल असतात. म्हणून संध्याकाळी बसवलेला बरा: रात्र त्यात निघून जाते आणि खरी नोंद दुसऱ्या दिवशी सुरू होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र त्या रात्री झोपण्यापूर्वी बोट टोचून बघावंच.

अचूकतेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रयोगशाळेतल्या मोजणीशी तुलना केली तर सरासरी फरक साधारण नऊ टक्क्यांचा पडतो. म्हणजे खरी साखर १८० असताना १६४ दिसू शकते, तशीच १९६ ही दिसू शकते. काल १४८ होती आणि आज १५७ झाली म्हणून जेवणातला एखादा पदार्थ बंद करण्यात अर्थ नाही. आकड्यापेक्षा रेषेचा कल बघायचा: कुठून निघाली, कुठवर चढली, परतायला किती वेळ लागला. आणखी एक, दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर खोटीच जास्त दिसू शकते. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल.

रात्रीचा खोटा 'लो', म्हणजे साखर खाली गेल्याचा चुकीचा इशारा, सर्वांत जास्त घाबरवतो. दंड अंगाखाली दबला की तिथला द्रव हलायचा थांबतो. आलेखावर ११० ची रेषा पंधरा मिनिटांत सरळ ५८ वर कोसळते, तिथे सपाट राहते आणि कूस बदलल्यावर तितक्याच झटक्याने वर येते. खरी साखर बहुधा अशी कड्यावरून पडल्यासारखी जात नाही, उतारावरून उतरते. शंका आली की आधी बोट टोचा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल तर मात्र मोजत बसू नका, आधी साखर घ्या. साखर खरोखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी तपासायचं, तेही बोट टोचून. त्या वेळी सेन्सर मागे असतो. रक्तात साखर ९० झालेली असते आणि हा अजून ६२ दाखवतो, म्हणून माणूस दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गोड खातो आणि तासाभराने २४० वर पोचतो.

आता आहार. पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, नेहमीचंच खा आणि सेन्सरच्या फोनवरच्या ॲपमध्ये जेवणाची वेळ न चुकता नोंदवा. मग एकच जेवण निवडा, शक्यतो न्याहारी. पहिल्या सकाळी ती नेहमीसारखी खा. दुसऱ्या सकाळी तेच पदार्थ तेवढेच, पण आधी भाजी आणि प्रथिनं, पिष्टमय पदार्थ दहा मिनिटांनी शेवटी. तिसऱ्या सकाळी पुन्हा नेहमीच्या क्रमाने खाऊन लगेच १५ मिनिटं चाला. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहा: सुरुवातीची साखर, सर्वांत वरचा आकडा, मूळ पातळीवर यायला लागलेला वेळ. ताप, अपुरी झोप किंवा औषधाची चुकलेली वेळ असेल तर तो दिवस मोजू नका. हाती आलेला निष्कर्ष आणखी एकदा पडताळून बघा, कारण तेच जेवण दोन दिवशी वेगवेगळी रेषा काढू शकतं. भरपूर स्निग्ध जेवणाची साखर तीन ते पाच तासांनीही चढते, त्यामुळे दोन तासांनी सुटकेचा निःश्वास टाकू नका.

इथे एक सापळा आहे. सपाट रेषेचं व्यसन लागतं. धान्य, फळं, कडधान्यं सगळं ताटातून जातं आणि त्यांच्या जागी लोणी-चीज येतं. रेषा सुंदर दिसते, पण हा सेन्सर कोलेस्टेरॉल मोजत नाही आणि रक्तदाबही मोजत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता पिष्टमय पदार्थ तोडले, तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते.

व्यायामाच्या बाबतीत सेन्सर अनेकांचा गैरसमज दूर करतो. चालताना, सायकल चालवताना साखर उतरते. जोरात धावताना किंवा जड वजनं उचलताना ती काही वेळ वरही जाते, कारण ॲड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडतं. तो चढ बहुधा तास-दोन तासांत ओसरतो, त्याला घाबरून वजनं उचलणं सोडू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच साखर ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ खाऊन मगच सुरू करावं. २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) तपासावेत आणि ते आढळले तर व्यायाम करू नये. संध्याकाळच्या दमदार व्यायामाचा परिणाम रात्रभर टिकू शकतो, म्हणून लो-अलार्म त्या रात्री तरी बंद करू नका.

मनाच्या बाजूने मात्र हे उपकरण कच्चं आहे, आणि आमची खरी नाराजी इथेच आहे. ॲपमध्ये रंग आहेत, बाण आहेत, अलार्म आहेत, पण आज पुरे, आता बघू नका, असं सांगणारं काही नाही. दिवसात चाळीस वेळा फोन दंडाला लावणं, १९० दिसलं की अपराधी वाटणं, लोकांसोबत जेवायचं टाळणं, चोरून खाणं या गोष्टी दिसू लागल्या तर तो शिस्तीचा अभाव नव्हे. आजार सांभाळण्याचा भार मनाला पेलेनासा झाला आहे. तो मोजायची सोयही आहे. पेड (PAID) नावाच्या प्रश्नावलीत २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं. ४० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी या भाराबद्दलच बोलायचं. सेन्सर लावण्याआधी आणि १४ दिवसांनी ती भरून बघा. गुण चांगलेच वाढले असतील तर पुढचा सेन्सर लावण्याची घाई नको. सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार लागतात.

अलार्मचं गणित सोपं ठेवा. लो-अलार्म चालू. इन्सुलिन नसेल तर हाय-अलार्म पहिल्या आठवड्यात बंदच. घरच्यांना आकडे दिसतील अशी सोय आहे, पण ती देण्याआधी ठरवून घ्या: ७० च्या खाली गेलं तरच विचारायचं. "आत्ता काय खाल्लंस?" हा फोन दिवसातून तीनदा आला तर माणूस मोजणंच सोडतो.

ॲपमधला अहवाल वाचताना साखर कुठल्या पट्ट्यात किती वेळ होती, त्याची टक्केवारी बघा. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० च्या मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे दिवसाचा तासभरही नाही. थकलेल्या वृद्धांसाठी हे लक्ष्य सैल असतं, तिथे साखर खाली न जाणं जास्त मोलाचं. अहवाल विश्वासार्ह व्हायला निदान ७० टक्के नोंदी हव्यात. सेन्सर आठच तासांच्या नोंदी साठवतो, तेव्हा झोपताना आणि उठल्यावर स्कॅन करायची, म्हणजे फोन सेन्सरला लावून नोंदी उतरवून घ्यायची, सवय लावा.

दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना आम्ही हा कायम वापरण्याची शिफारस करू. फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर असलेल्यांना वर्षातून एक-दोन सेन्सर पुरतात, पुढचे महिने त्या नोंदींवर निघतात. खाण्याबद्दल आधीच तीव्र भीती किंवा खाण्याचा विकार असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय लावू नये.

काढताना कडेला थोडं तेल लावून पाच मिनिटं थांबा आणि हळूहळू सोलत आणा. खाली खाजरी, लाल, फोड आलेली चकती दिसली तर ती गोंदाची ॲलर्जी असू शकते. पुढचा सेन्सर लावण्याआधी ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.