बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिसं कुठून आणायचं: टायरवाला विरुद्ध आमच्या इथलं भंगार यार्ड (३ वर्षांचा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, मी अमेरिकेत ओहायोमधे राहतो आणि इथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या घरी ओतायला लायसन लागत नाही, विकायच्या असतील तर लागतं. भारतात कोणी हे वाचून उद्योग करायला जाऊ नका, तिकडे आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, काडतुसं बनवायला परवाना लागतो आणि तो तुम्हाआम्हाला मिळत नसतो. आणि गोळी म्हणजे मी फक्त शिशाचा तुकडा म्हणतोय, काडतुसाच्या तोंडाशी असतो तो, बाकी दारू वगैरे हा वेगळा विषय.

मी .३८ स्पेशलने (रिव्हॉल्वरच्या काडतुसाचा एक प्रकार) कागदी टार्गेटवर मारतो, १४८ ग्रेनची सपाट तोंडाची गोळी, जिला वॅडकटर म्हणतात. ७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे पाउंडाला ४७ गोळ्या. आठवड्याला शंभर-दीडशे मारल्या तर वर्षाला दीडशे पाउंडाच्या आसपास शिसं लागतं, आणि ते विटा-विटांनी नवीन विकत घेतलं तर छंद परवडत नाही. म्हणून भंगार.

पहिल्यांदा सगळे सांगतात तेच केलं, टायरच्या दुकानात गेलो. चाक बॅलन्स करायला रिमच्या कडेला छोटी वजनं ठोकतात ना ती, जुनी काढून बादलीत टाकलेली असतात. दुकानाचं नाव घेत नाही. ६० डॉलरला अख्खी बादली दिली, वर उपकार केल्यासारखा चेहरा. घरी येऊन गॅरेजमधे ओतली आणि निवडायला बसलो, तांदूळ निवडायला बसतात तसा. ११२ पाउंडाच्या बादलीत शिसं निघालं ६१ पाउंड, लोखंड ३४, जस्त ९, आणि उरलेल्या ८ पाउंडात व्हॉल्वचे रबर, सिगरेटची थोटकं, बॅलन्सिंग मशीनचा एक नट आणि तंबाखूची पिचकारी. ६१ वितळवले तेव्हा लोखंडी क्लिपा आणि मळी जाऊन हातात ५३ आले. म्हणजे पाउंडाला १ डॉलर १३ सेंट, आणि माझी अख्खी शनिवार दुपार गेली ती वेगळीच.

हे आता असंच होणार कारण शिशाची वजनं हळूहळू संपत चाललीत. युरोपात २००५ पासूनच बंदी आहे, इथे कॅलिफोर्नियात २०१० पासून, वॉशिंग्टन राज्यात २०११ पासून, न्यूयॉर्क, इलिनॉय पण आहेत त्या यादीत. ओहायोत बंदी नाही पण कंपन्यांनी स्वतःच लोखंड आणि जस्त वापरायला सुरुवात केलीये, त्यामुळे दरवर्षी बादलीतलं शिसं कमी. लोखंडाचं दुःख नाही, चुंबक फिरवला की झालं, शिवाय वितळत नाही, वर तरंगतं. खरा चोर जस्त. दिसायला डिट्टो शिशासारखं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणजे भांडं ३७० च्या आत ठेवलं तर जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात, झाऱ्याने काढून टाकायचे. पण मी पहिल्या वेळी थर्मामीटर न लावता हौसेने आच वाढवली आणि २० पाउंडाच्या भांड्यात जे झालं त्याला मी अजून उपमाच म्हणतो, गुठळ्या गुठळ्या, साच्यात भरेचना, कड सगळी गोल. ती वीट आता गॅरेजच्या दाराला लावायला ठेवलीये.

तर आता मेन मुद्दा. आमच्या काउंटीच्या टोकाला रेल्वे लाइनच्या कडेला एक भंगार यार्ड आहे. नाव टाकत नाही, काउंटरवरच्या बाबाने स्वतःच हात जोडले, म्हणाला लोकांना सांग पण पत्ता नको सांगू, गेल्या वेळी कुणीतरी सांगितला तर आठवडाभर फोन थांबत नव्हता. पण बऱ्याच गावांबाहेर असं एखादं यार्ड असतं, फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "पब्लिकला विकता का?" निम्मे नाही म्हणतात, इन्शुरन्सचं कारण देतात. जे हो म्हणतात त्यांच्याकडे जायचं.

या यार्डाची सगळ्यात भारी गोष्ट भाव नाहीये. भाव ठीक आहे, मी शेवटचा गेलो तेव्हा चाकाची वजनं १ डॉलर पाउंड, मऊ शिसं म्हणजे पाइप आणि पत्रा १ डॉलर ४० सेंट. भारी गोष्ट ही की तो स्वतः निवडू देतो. ड्रमपाशी उभं राहायचं, ग्लोव्ह घालायचे, आपली बादली भरायची आणि काट्यावर न्यायची, लोखंडाचे पैसे भरायचे नाहीत. माझ्या मते भंगार शिशाची खरी किंमत निवडण्यात असते, पाउंडाचा भाव दुय्यम, आणि टायरवाला तुम्हाला नेमकं न निवडलेलं विकतो. मी एक जुनी साइड कटर घेऊन जातो, प्रत्येक संशयित तुकडा चावून बघायचा. शिशात कटर लोण्यात गेल्यासारखी जाते, जस्तावर नुसता ओरखडा येतो. काँक्रीटवर टाकला तर शिसं धप्प वाजतं, जस्त किणकिणतं. काहींवर तर चक्क झेडएन (म्हणजे जस्त) किंवा एफई (म्हणजे लोखंड) कोरलेलं असतं, तेवढं वाचायचे कष्ट घेतले तरी अर्धं काम होतं.

मऊ शिशाचा ड्रम हा माझा आवडता. जुन्या घरांच्या बाथरूमच्या फरशीखाली शिशाचा पत्रा घालायचे, छपराच्या सांध्यांना घालायचे, बिडाच्या ड्रेनेज पाइपच्या जोडात ओतायचे, घरं पाडली की हे सगळं इथे येतं. एकदा दातांच्या डॉक्टरच्या एक्सरे रूमच्या भिंतीतला पत्रा आलेला, इतका स्वच्छ की घरी नेऊन कात्रीने कापला. एकदा लेक एरीकडच्या कुठल्याशा शिडाच्या बोटीच्या तळाचं शिसं होतं, एकच तुकडा, माझ्या सोफ्याएवढा, भाव पण पाडून द्यायला तयार होता पण तो कापणार कोण आणि उचलणार कोण, सोडून दिला. रंग लागलेलं शिसं मात्र घेऊ नका, तो जुना रंग जळतो तेव्हा जो धूर येतो तो कोणालाच नको.

आणि गाडीच्या बॅटऱ्या. तिथे पॅलेटच्या पॅलेट पडलेल्या असतात आणि दर वेळी कोणीतरी नवीन माणूस डोळे चमकावून विचारतोच. नाही म्हणजे नाही. ॲसिड तर आहेच, पण बॅटरीच्या शिशात कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असतं आणि त्याच्या मळीला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन नावाचे विषारी गॅस निघू शकतात. काउंटरवाला स्वतःच हाकलतो अशांना, याला माझा वेगळा एक स्टार.

आता लायनोटाइपचं सांगतो, कारण त्यासाठीच मी या यार्डाच्या प्रेमात पडलो. माझे काका पुण्यात एका छापखान्यात जुळारी होते, लहानपणी त्यांच्या बोटांना लागलेली शाई आणि खिळ्यांचे खण आठवतात, झिजलेले खिळे परत वितळवायला जायचे. त्यामुळे दीड वर्षापूर्वी यार्डात एका लाकडी खोक्यात धातूच्या चपट्या पट्ट्या दिसल्या, कडेवर उलटी अक्षरं, तेव्हा बाकीच्यांना काय आहे कळलं नाही पण मला लगेच कळलं. जुन्या लोकल पेपरच्या छपाईचं लायनोटाइप! त्यात ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. अँटिमनीमुळे थंड होताना कमी आकसतं म्हणून अक्षराची कड धारदार येते, आणि गोळीची पण. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक ते मोजायचं माप) ५ च्या आसपास, याचा २२. नुसत्या लायनोच्या गोळ्या माझ्यासारख्या हळू लोडला, म्हणजे कमी वेगाने जाणाऱ्या गोळीला, उगाच कडक होतात, तर मी ९ पाउंड मऊ शिशात १ पाउंड लायनो टाकतो, मस्त काम होतं. २ डॉलर पाउंडाने सगळं ४० पाउंड उचललं. एक पट्टी वितळवली नाही, आरशात धरून वाचली तर कुठल्यातरी हायस्कूलच्या बास्केटबॉल मॅचचा स्कोअर होता.

कथील मात्र यार्डात मिळत नाही, सोल्डरची एखादी रीळ सोडली तर. त्यासाठी थ्रिफ्ट स्टोअरमधे, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, प्यूटरचे (कथिलाच्या मिश्रधातूचे) जुने मग शोधायचे, चांगल्या प्यूटरमधे ९० टक्क्यांच्या वर कथील असतं. कल्हईवाला आठवतो का, भाता मारत बसायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर, तेच हे कथील. दोन टक्के टाकलं की साचा कोपऱ्यापर्यंत भरतो. आणि कल्हईवरून आठवलं, विटा पाडायला मफिनचा ट्रे वापरणार असाल तर कथिलाचा मुलामा असलेला नको, शिसं त्याला कल्हईसारखंच चिकटून बसतं. पावसात ठेवून गंजवा, मग वापरा. घरचं इडलीपात्र बघून माझ्या मनात पाप आलेलं, बायकोने नजरेनेच ओळखलं.

तिचे नियम आता माझेही आहेत. गॅरेजचं दार उघडं, कपडे वेगळे धुवायचे, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, मुलं त्या दिवशी गॅरेजमधे येणार नाहीत, स्वयंपाकघरातलं भांडं एकदा बाहेर गेलं की परत आत नाही. ओतायच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्यच असते, पोटात जातं ते मळीच्या धुळीतून आणि हातातून. मी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासतो, गेल्या वेळी ४ मायक्रोग्राम प्रति डेसिलिटर, डॉक्टर म्हणाले ठीक पण लक्ष ठेवा. आणि यार्डातला माल पावसात पडलेला असतो, ओला पाइप वितळलेल्या शिशात टाकला तर आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि भांडं तुमच्या अंगावर येतं. मी माल थंड भांड्यातच भरतो, मग गॅस लावतो.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला कारण कार्ड घेत नाहीत, आणि काटा एकदा २ पाउंड जास्त दाखवत होता, सांगितल्यावर लगेच शून्य करून परत तोलून दिलं, पण सांगायला लागलं. बंद पायाचे बूट घालून जा, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतात. बादली अर्धीच भरा, ५ गॅलनची गच्च भरलेली उचलताना माझी कंबर पंधरा दिवस गेली होती. शनिवारी १२ ला बंद करतात, आणि ११ नंतर काट्यापाशी ॲल्युमिनियमचे कॅन घेऊन आलेल्यांची लांब रांग लागते, तर ९ लाच जा.