मुरमाड रानात ताग गाडून कलिंगड, वर्षभराचा अनुभव

जत तालुक्यात एकरभर रान आहे आमचं, वीतभर माती आणि खाली मुरूम. आधीच्या कलिंगडाला खतं सगळी वेळेवर टाकली तरी फळ दोन किलोच्या वर जाईना, दुपारी वेल माना टाकायचे. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब 0.3 टक्के, म्हणजे कमीच, आणि सामू (पीएच) 8.2, म्हटलं आधी जमिनीच्या पोटात काहीतरी घालूया.

जुलैत 30 गुंठ्यात हिरवळीच्या खतासाठी 18 किलो तागाचं बी फेकलं, 10 गुंठे तुलनेला मुद्दाम तसेच ठेवले. पाऊस नाही, ताग कमरेएवढा झाला बस्स, घरचे म्हणत होते बी वाया घालवलं. पण आमच्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो, फुलकळी दिसल्यावर ओल बघून रोटर (रोटाव्हेटर) मारून ताग गाडला आणि पुढच्या पावसात सगळं कुजून गेलं. उशीर मात्र करू नका, ताग जून झाला की त्याचा वाख (चिवट धागा) होतो आणि रोटरला गुंडाळतो, मग बसा विळ्यानं कापत, बांधाकडच्या दोन पट्ट्यात आमचं तेच झालं.

शेणखत 3 ट्रॉली. त्यातली एक विकत घेतलेली, कुजलेलं म्हणून दिलं पण आत गरम होतं, तेवढ्याच भागात हुमणी (मुळं खाणारी अळी) निघाली. हात घालून बघितल्याशिवाय ट्रॉली खाली करू देऊ नका.

जीवामृत पण केलं, 200 लिटर बॅरलला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधाची मूठभर माती, दर 15 दिवसांनी. खरं सांगायचं तर त्याचा जेवढा गाजावाजा आहे तेवढा फरक मला तरी दिसला नाही, आणि नीट न गाळता ड्रीपला सोडलं तर ड्रीपर चोक झाले ते वेगळंच.

जानेवारीत मल्चिंग पेपरवर कलिंगडाची रोपं लावली. तागाच्या भागात एक दिवसाआड पाणी पुरलं, त्या 10 गुंठ्यांना रोज द्यावं लागलं, बोअर तोच. फळ साडेतीन-चार किलो, तिकडं जेमतेम अडीच. पानं पिवळी पडायची ती दोन्हीकडं पडलीच, चुनखडीमुळं लोह लागत नाही, ते तागानं कसं जाणार, फेरस सल्फेट फवारावंच लागलं. काढणीनंतर परत माती तपासली, कर्ब 0.36, म्हणजे एका वर्षात रान काही काळं होत नाही.

यंदा तिथं कलिंगड नाही, लागोपाठ वेल घेतले की मर (वेल वाळवणारा रोग) येते. मटकी टाकलीय. आणि त्या 10 गुंठ्यात आता ताग उगवलाय.