टेक्ट्रॉनिक्स ७६०३ की ७९०४? आधी प्लग-इन ठरवा

वापरलेला अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) शोधताना टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेतली दोन मॉडेलं हमखास समोर येतात: १०० मेगाहर्ट्झचा ७६०३ आणि ५०० मेगाहर्ट्झचा ७९०४. आकडा पाहून मन ७९०४ कडे ओढ घेतं. पण १९६९ मध्ये आलेल्या या मालिकेत सिग्नल आत घेण्याचं काम प्लग-इन (यंत्राच्या स्लॉटमध्ये बसणारे, बदलता येणारे भाग) करतात, आणि बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दिसेल ती मर्यादा) बहुतेकदा तिथेच अडते.

७९०४ मध्ये ७ए२६ बसवला असं धरा. दोन चॅनेल, १ मेगाओहम इनपुट, नेहमीच्या प्रोबवर (सर्किटला टेकवायची तार) चालणारा. मर्यादा २०० मेगाहर्ट्झ. म्हणजे ५०० चे पैसे मोजून हाती पडले फार तर २००. पूर्ण वेगासाठी ७ए१९ सारखा प्लग-इन लागतो: चॅनेल एकच, इनपुट ५० ओहम. रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या कामाला तो उत्तम, पण साधा १०एक्स प्रोब त्याला चालत नाही आणि जास्त व्होल्टेज गेलं तर इनपुट जळतं.

ऑडिओ, पॉवर सप्लाय, जुन्या उपकरणांची दुरुस्ती हे काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ७६०३ घ्या. पडद्यावरचा एक चौकोन १.२२ सेंटिमीटरचा, त्यामुळे ट्रेस (सिग्नलची रेघ) निवांत वाचता येतो. पॉवर सप्लाय साध्या ट्रान्सफॉर्मरचा. ७९०४ चा स्विचिंग सप्लाय दुरुस्त करणं बरंच किचकट. एक फरक मात्र लक्षात ठेवा. ७६०३ ला टाइमबेससाठी (ट्रेस आडवा सरकवणारा प्लग-इन) एकच स्लॉट आहे, ७९०४ ला दोन. डिलेड स्वीपसाठी (सिग्नलचा पुढचा एखादा तुकडा ताणून पाहण्यासाठी) ७बी८० आणि ७बी८५ ही जोडी ७६०३ मध्ये बसणार नाही. त्यात ७बी५३ए घ्या, दोन्ही स्वीप एकाच प्लग-इनमध्ये मिळतात.

७ए२६ नंतर पैसे उरले तर ७ए२२ शोधाच. बँडविड्थ अवघी १ मेगाहर्ट्झ, पण डिफरन्शियल इनपुट (दोन बिंदूंमधला फरक दाखवणारं) आणि दर चौकोनाला १० मायक्रोव्होल्टपर्यंत संवेदनशीलता. शिवाय वरची आणि खालची फ्रीक्वेन्सी कापायला दोन वेगळे नॉब. प्रीअ‍ॅम्पच्या सप्लायवरची घरघर ७ए२६ वर जाडसर रेघ दिसते. ७ए२२ वर तिचा आकार दिसतो, आणि ती मेन्समधून येतेय की रेक्टिफायरमधून, हे ओळखता येतं. या एका प्लग-इनसाठी ही मालिका घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

घेताना यंत्र चालू करून पाहा. सुरूच होत नसेल तर बंद करा, सगळे प्लग-इन काढा आणि पुन्हा चालू करा. आता सुरू झालं, तर दोष बहुधा एखाद्या प्लग-इनमधल्या शॉर्ट झालेल्या टँटलम कपॅसिटरचा. तो स्वस्तात बदलता येतो. पिक्चर ट्यूबच मंद असेल तर सौदा सोडा. पडद्यावर अक्षरं उमटतात का तेही पाहा, कारण काही ७६०३ रीडआउटशिवाय विकले गेले. परदेशातून आलेला असेल तर प्लग लावण्याआधी तो २३० व्होल्टवर जुळवलाय याची खात्री करा.